हलक्या हाताचे नखुले

अबोलीने अकरावीला क्रिमिनॉलॉजी घेतली तेव्हा इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या निम्म्या काकवांना वाटलं, पोरगी आता खाकी घालून कॉलनीच्या नाक्यावर दंडुका आपटणार. उरलेल्या निम्म्यांना तो कातडीचा काहीतरी विकार वाटला. शाळेने हा विषय नव्यानेच आणला होता, घेणारी मुलं मूठभर, आणि शिकवायला संहिता मॅडम, ज्या स्वतःच विद्यार्थिनीसारख्या दिसायच्या. "मॅथ्स सोडून हे चोर-चिलट काय शिकायचं?" शशिकला आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिच्या मताला घरात वजन होतं. पण अबोलीची आई, मंजुषा, हसून म्हणाली, "शिकू द्या हो ताई. लाडवांचा डबा रोज कोण रिकामा करतं, ते तरी कळेल."

ती आई बारावीच्या श्रावणात गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, संध्याकाळी दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. मेंदूत रक्तस्राव. गुन्हा नाही, गुन्हेगार नाही, धरून जाब विचारावा असा कोणी नाही. गुन्ह्यांचं शास्त्र शिकणाऱ्या मुलीच्या वाट्याला याहून वाईट केस यायची नाही.

तेराव्यानंतर आत्याने पदर खोचला आणि घर धुऊन काढलं. दुःख आलं की काही माणसं अंथरूण धरतात, काही फिनाइल हातात घेतात. आत्या दुसऱ्या जातीची. कपाटं पुसली, भांडी चिंचेने लख्ख केली, आईच्या साड्या देऊन टाकल्या, कंगवासुद्धा गरम पाण्यात उकळला. तिचा इरादा वाईट नव्हता, भावाचं घर तिला उभं ठेवायचं होतं. आणि घरात लग्नही होतं. अबोलीची मोठी बहीण पूर्णिमा हिचं भोपाळच्या यशवर्धनशी चैत्रातच ठरलेलं होतं. आई-वडील गेले की लग्न एक तर वर्षाच्या आत करायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, ही रीत. बाबांनी मार्गशीर्षातली तारीख धरली.

कार्तिकात संहिता मॅडमनी बोटांच्या ठशांचा धडा घेतला. त्या म्हणाल्या, "दोन गोष्टी एकमेकींना लागल्या, की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतंच. कितनी भी सफाई कर लो." सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. अबोलीने घेतलं नाही. आई या घरात पंचवीस वर्षं वावरली होती. दाराची कडी, मिक्सरचं बटण, देवघराची काच, काय काय तिच्या हाताखालून गेलं नव्हतं? मग एक तरी ठसा असणारच. एकच. आईचा एक अंगठा तिला मिळाला असता तर तिने काचेत बसवून जन्मभर जपला असता. प्रोजेक्टही हाच होता: घरातून एक ठसा मिळवा आणि तो कुणाचा हे सिद्ध करा.

मग ती घरभर हिंडायला लागली. ताईचा गालाला रंग लावायचा ब्रश पळवला, पेन्सिलचं शिसं कुटून भुकटी केली, बाबांच्या बँकेतलं स्टँप-पॅड मागून आणलं. बाबा, ताई, आत्या, तिघांच्या दहाही बोटांचे ठसे कागदावर घेतले. मिळालेल्या ठशांतून घरच्यांचे आधी वगळायचे असतात. आत्याने बोटं पुढे केली, पण तोंड गप्प नव्हतं. "अगं, काय दिमाग खराब केलाय या पोरीने! लग्नाचं घर आहे की थाना?" आणि मजा बघा, जिथे जिथे अबोलीने ब्रश फिरवला तिथे तिथे आत्याच निघाली. फ्रिजवर आत्या, कपाटावर आत्या, देवघरावर आत्या. या घरात काही गुन्हा घडला असता तर आत्याला फाशीच होती. आई कुठेच नव्हती. पंचवीस वर्षं वावरलेली बाई तीन महिन्यांत अशी पुसली गेली होती की ती कधी नव्हतीच म्हणावं. अबोली त्या दिवशी मिक्सरच्या पुढ्यात बसून ढसाढसा रडली, आणि तिच्या नाकाला शिसं लागलेलं पाहून कुणाला हसू आलं नाही.

डबा सापडला तो आत्यालाच. लग्नाची भांडी काढायला ती स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून तिने एक पितळी डबा उतरवला. "घ्या. मंजूने करून ठेवलेले गव्हले-नखुले. बरं झालं, माझ्या डोक्यातूनच गेलं होतं."

अबोलीला वैशाखातली ती दुपार आठवली. ताईच्या लग्नासाठी आई रव्याची कणीक दुधात भिजवून, कुटून लोण्यासारखी करून बसली होती. चिमटीएवढी गोळी डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवायची, उजव्या अंगठ्याने ओढायची, की नखाच्या आकाराची वाटीसारखी पाकळी सुटते. तो नखुला. वाळवायचा आणि लग्नात खीर करायची. आईच्या बोटांतून ते टपाटप ताटात पडायचे. मध्येच ती बोटं कोरड्या पिठीत बुडवायची आणि पुन्हा सुरू. अबोलीही शेजारी बसली होती. "अगं, दाबतेस किती! नखुला आहे तो, चोराचा गळा नाही," आई म्हणाली होती. "हात हलका ठेव. पिठी लाव बोटाला." अबोलीने पिठी लावली नाही, कारण तिला हात पांढरे केलेले आवडत नव्हते. तिच्या हातून जाडजूड, वाकडे नखुले निघत होते. आईने ते बाजूला सारले. "हे तुझे परत मळून टाकते हं मी," ती हसत म्हणाली, आणि अबोली कंटाळून मोबाइल घेऊन आत निघून गेली.

आता तिने खिडकीचा पडदा ओढला, डब्यातला अगदी वरचा एक नखुला काढला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. तिरक्या उजेडात खळगे दिसतात, हे वर्गात शिकवलेलं. एका अंगाला नखाची गुळगुळीत पाठ होती. आणि दुसऱ्या अंगाला रेषा. बारीक, एकमेकींना लागून वळत गेलेल्या, वाळून घट्ट झालेल्या अंगठ्याच्या रेषा.

"बाबा!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाबा अर्धी दाढी करून धावत आले.

तिने तिघांचेही कागद काढून एकेक रेष ताडून पाहिली. बाबांचा अंगठा नाही. ताईचा नाही. आत्याचा नाही. मग उरली कोण? आईच उरली. बाबांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि नखुल्याला बोट न लावता नुसतं त्याच्या वरून हवेत फिरवलं. "मंजू," एवढंच ते म्हणाले. साबण गालावर सुकून गेला होता.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्यांच्या घरची एक रीत होती. घरच्या केळवणाला नवरीच्या पानात आईने वळलेल्या नखुल्यांची खीर पडली पाहिजे. आत्याच्या लग्नात पडली होती, तिच्या आईच्याही.

"खीर नाही करायची," अबोली म्हणाली.

"काय बोलतेस? अपशकुन आहे तो," आत्या म्हणाली.

"खाऊन टाकलं की संपलं ना! आईचं एवढं एकच उरलंय. सबूत आहे तो."

तेव्हा पूर्णिमा बोलली. ती एरवी भांडायची नाही. "आई काय सबूत आहे तुझी? तुला तिला बघायचंय अबोली, मला तिच्या हातचं जेवायचंय. मी जातेय यार आता. तू तर इथेच आहेस, बाबांजवळ, तिच्या किचनमध्ये. मला काय मिळालं? एक वाटी खीर पण नको का मिळायला?"

दोघींचं खरं होतं, म्हणून कुणालाच हटता येईना. शेवटी बाबांनी निवाडा केला: ज्यांच्यावर ठसे दिसतील ते अबोलीचे, बाकीचे खिरीला.

केळवणाच्या सकाळी अबोली डबा घेऊन निवडायला बसली. तांदूळ निवडावे तसे, पण टॉर्च आणि चिमटा घेऊन. ठसेवाले फारच थोडे निघाले, मूठभरही नव्हते. ते जाड होते, एका अंगाला कललेले. आईचा हात किती हलका, आणि हे एवढे दाबलेले? म्हणजे वैशाखातच तिचा हात जड झाला होता की काय? तेव्हाच डोक्यात काही सुरू झालं होतं आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? तिने प्रोजेक्टमध्ये तसं लिहूनसुद्धा टाकलं. आपण शेजारी बसून मोबाइल बघत होतो, हा विचार तिला पोखरत राहिला.

बाकीचे नखुले कोरे होते. पातळ, सगळे एका मापाचे, उजेडात धरले तर पलीकडचं बोट दिसावं असे. तिने टॉर्च सगळ्या बाजूंनी फिरवला. एक रेष नाही.

"अजून नीट बघायचेत मला," ती म्हणाली. "शाळेत मोठं भिंग आहे. सोमवारपर्यंत थांबा ना आत्या, प्लीज."

"सोमवारी ती सासरी असेल. दूध उकळायला आलंय," आत्या म्हणाली आणि कोऱ्या नखुल्यांचं ताट उचलून घेऊन गेली. वेलचीचा वास सुटला. अबोलीने खोलीचं दार लावून घेतलं.

पंगत बसली, उठली, ती गेली नाही. थोड्या वेळाने पूर्णिमा स्वतः वाटी घेऊन आली. डोळे लाल, बांगड्या नव्या. "दोन चमचे तरी खा," ती म्हणाली. अबोली भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पूर्णिमाने वाटी टेबलावर ठेवली आणि खाली कुणीतरी हाक मारली म्हणून गेली.

राग फार वाईट. अबोली उठली, वाटी घेऊन मागच्या गॅलरीत गेली आणि सगळी खीर डब्यात ओतून दिली. राग असला तरी मुलगी स्वच्छतेत पहिल्या येणाऱ्या इंदूरची. खीर बरोबर गीला, म्हणजे ओल्या, कचऱ्याच्याच डब्यात टाकली. वाटी विसळून ओट्यावर पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी नगर निगमची गाडी गाणं वाजवत आली आणि डबा रिकामा करून गेली.

लग्न झालं. पूर्णिमा भोपाळला गेली. जाताना दोघी बहिणी गळ्यात पडल्या, पण मधली ती वाटी काही हलली नाही.

सोमवारी अबोली प्रोजेक्ट घेऊन संहिता मॅडमकडे गेली. काचेच्या छोट्या डबीत कापसावर ठेवलेले नखुले, सोबत फोटो आणि तिघांच्या ठशांचे कागद. मॅडम बघतच राहिल्या. "काय आयडिया आहे गं! असे उमटलेले ठसे मी कणकेत पहिल्यांदाच बघतेय." मग त्यांनी कागद चाळले. "बाबा, बहीण, आत्या. और तेरे?"

"माझे कशाला मॅडम? मी तर तपास करतेय."

"अगं, पहिले वगळायचे ते तपास करणाऱ्याचेच. तू त्या घरातच राहतेस ना?"

"पण माझे नखुले त्यात नाहीयेत. आईने परत मळून टाकले होते."

"ठीक आहे. नियम म्हणून घेऊ." मॅडमनी स्टँप-पॅड पुढे केलं.

अबोलीने अंगठा उमटवला. मॅडमनी तो कागद मोठ्या भिंगाखाली नखुल्यांच्या शेजारी ठेवला. आधी त्यांनी काहीतरी मोजलं, मग दुसरा नखुला घेतला, मग तिसरा. मग त्यांनी खुर्ची बाजूला सरकवून अबोलीला भिंगातून बघायला दिलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा तिला तिथे दिसला. तीच गोल वळणारी रेष, तेच मध्ये फुटलेलं टोक, खाली तोच तीन रेषांचा तिठा. कागदावर निळं आणि नखुल्यात पांढरं.

"ये तेरे ही हैं, बेटा," मॅडम हळूच म्हणाल्या. "सगळे."

आईने ते परत मळले नव्हते. वेडेवाकडे, जाड, एका अंगाला कललेले ते तिने आपल्या नखुल्यांबरोबरच वाळवले होते आणि डब्यात भरून ठेवले होते. लेकीच्या लग्नात दुसऱ्या लेकीच्याही हातचं असावं म्हणून असेल, किंवा टाकवले नाहीत म्हणून असेल. आता कोण सांगणार? आणि तिचे स्वतःचे? पिठीत बुडवलेली बोटं. रेषांत पीठ बसलं की ठसा उमटत नाही, हे मॅडमनीच शिकवलं होतं. ज्याचा हात हलका त्याची खूण राहत नाही. ते कोरे, पातळ, पलीकडचं दिसणारे, ते सगळे आईचे होते. तिने स्वतः चिमट्याने निवडून ते बाजूला काढले होते. आणि आपल्या वाट्याचे गीला कचऱ्यात टाकले होते.

"अबोली, पाणी पी," मॅडम म्हणत होत्या. तिने डबी उचलली, सॅकमध्ये टाकली आणि ती निघाली.

बसमध्ये बसली खरी, पण घरापर्यंत जाववेना. कृष्णपुऱ्याला उतरून ती तिथल्या छत्र्यांच्या, म्हणजे राजघराण्याच्या दगडी समाध्यांच्या, पायऱ्यांवर बसली. ऊन छान होतं. काही मुली तिथे रील काढत होत्या, कबुतरं दगडावर चालत होती. कुणाच्या तरी आठवणीसाठी लोकांनी एवढा दगड कोरून ठेवला होता आणि तिला आईच्या खिरीचा एक चमचा जपता आला नव्हता. तिने पूर्णिमाला फोन लावला.

"ताई."

"अबोली! काय झालं? रडतेस का?"

"नाही. ताई, एक विचारू? खीर कशी होती?"

"कुठली?"

"केळवणाची. आईची."

पूर्णिमाचा आवाज बारीक झाला. "सच बोलू? मला काही कळलीच नाही गं. पहिला घास घेतला नि असं रडू आलं ना, की नुसतं गरम काहीतरी गिळत गेले. मग मेंदीवाली आली, फोटोवाला ओरडत होता. आता रोज आठवायला बसते तर जिभेवर काही येतच नाही. बाबांनी तर खाल्लीच नाही, त्यांची माझ्याच पानात घातली. एवढं भांडून घेतली मी तुझ्याकडून, आणि वायाच घालवली यार."

अबोलीने फोन कानाला आणखी घट्ट धरला.

"तुलाच विचारणार होते," पूर्णिमा म्हणाली. "पण म्हटलं, अजून नाराज असशील. मी बघितलं ना, तुझी वाटी ओट्यावर अगदी लख्ख होती. तेवढ्याने बरं वाटलं मला. म्हटलं, चला, एकीने तरी नीट खाल्ली. सांग ना अबोली, कशी होती?"

खोटी साक्ष देणाऱ्याला शिक्षा होते, हे अबोलीने याच वर्षी पाठ केलं होतं. तिने सॅकमधली डबी हातात घेतली. आत तिचे स्वतःचे जाडे नखुले खुळखुळले.

"हलकी होती," ती म्हणाली. "नखुले दाताखाली येतच नव्हते, ताई. जिभेवर ठेवले की सरकायचे नुसते."

"हो?"

"हो. आणि एकाही नखुल्यात गाठ नव्हती. सगळे सारखे. आईसारखे."

"गोड?"

"बरोबर गोड. वेलची मात्र जास्त झाली होती, आत्याने घातली ना."

पूर्णिमा रडता रडता हसली. "आत्या म्हणजे ना." मग नाक ओढून म्हणाली, "अजून सांग."

आणि अबोली, जिने एक थेंबही चाखला नव्हता, डोळे पुसत अजून सांगत राहिली.